धाकटीचा हात

१

जेवणं आटोपली की मी खाली जायचे. खाली म्हणजे गाडी ठेवायच्या खोलीत. तिथे गाडी कधी ठेवलीच नाही. ती बिचारी वीस वर्षं रस्त्यावर ऊन खाते आहे, आणि तिच्या जागी माझं करवतीचं टेबल, उभं ड्रिल, लाकूड आवळून धरायचे दोन शिकंजे आणि फळ्यांची चवड आहे. आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान, दिरांची नोकरी, असा घरात जो तो आपापल्या जागी मोठा. माझी जागा ही.

मी ट्रे करते. लाकडी, दोन्ही बाजूंना मुठीसाठी लांबट भोकं असलेले. ट्रे काय, कुणीही करेल. पण उचलताना बोटं भोकात जातात तिथे आतून एक गोलाई लागते, आणि ती बघून कळत नाही, बोट घालून कळते. वीस वर्षं मी ती दांडक्याला पॉलिश पेपर गुंडाळून हाताने घासली. एका मुठीला अर्धा तास. लोक बोट घालायचे आणि म्हणायचे, हा तुमचाच ट्रे. त्या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली असं म्हटलं तरी चालेल.

मग धाकटी शिकायला आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दिरांबरोबर वरच्या मजल्यावर राहते, मला ताई म्हणते. स्वभावाने गोड आहे. इतकी गोड, की तिच्याविरुद्ध तोंड उघडलं तर उघडणाराच वाईट दिसतो. मी शिकवायला लागले. महिनाभरात दिरांनी एक खोकं आणून टेबलावर ठेवलं. तुम्हा दोघींसाठी आहे, म्हणाले. बघत होते मात्र बायकोकडे.

ती माझ्याच ड्रिलला लावायची जोड होती. एक उभा दांडा, त्यावर रबराचा रूळ, रुळावर पॉलिश पेपरची नळी. नळी गरगर फिरते आणि फिरता फिरता हळूहळू खाली-वरही होते. त्यामुळे पेपर एकाच जागी झिजत नाही आणि लाकडावर चरे उठत नाहीत. आतली गोलाई घासायलाच केलेली वस्तू. पहिल्याच दुपारी धाकटीने त्यावर तीन मुठी केल्या. संध्याकाळी ह्यांनी एका भोकात बोट घातलं, मग दुसऱ्यात घातलं, आणि मला म्हणाले, "आज तुझा हात अगदी मस्त लागलाय."

भोक तिचं होतं. मी तसं सांगितलं नाही. पोटात जे दुखायला लागलं त्याला औषध नव्हतं.

२

पुढे आम्ही वेळा वाटून घेतल्या. सकाळ माझी, दुपारी तीन ते पाच तिची. दुपार तिला कुणी दिली, कशी दिली, ते आता आठवत नाही. तिने हसून विचारलं असणार आणि माझ्या तोंडून हो निघालं असणार.

माझं स्वयंपाकघर त्या खोलीच्या बरोबर वर येतं. दुपारी मी तिथे टेबलाशी बसायचे. पेपर वाचतेय असं म्हणायचं आणि कान खाली लावून ठेवायचे. यंत्राला काम दिलं नसलं की त्याचा आवाज सरळ असतो, एका सुरात. लाकूड टेकलं की तो उतरतो. लाकूड काढलं की पुन्हा चढतो. मुठीच्या भोकाला चार कोपरे, म्हणजे आवाज चारदा उतरणार आणि चारदा चढणार. ती कुठल्या कोपऱ्यावर आहे, किती दाबते आहे, हे मला वर बसून कळायचं. कुठे अडखळते का, याची मी वाट बघायचे. अडखळायची नाही.

एका दुपारी आवाज उतरला आणि चढलाच नाही. हळूच उतरला, अगदी थोडा, आणि तसाच राहिला. घड्याळात मी दहा मिनिटं मोजली. एवढी लांब कड ट्रेला नसते. हे काय घासते आहे, आपल्याला न सांगता नवीन काहीतरी मोठं करायला घेतलंय की काय, म्हणून मी तडक खाली गेले.

ती केर काढत होती. यंत्र बंद होतं. सकाळी मी नऊ ट्रे रचून ठेवले होते, ते तसेच होते, वरच्या ट्रेवरची धूळही कुणी हलवली नव्हती. काय घासत होतीस, मी विचारलं. काही नाही हो ताई, नुसतं चालवून बघत होते, म्हणाली. गालावर भुकटी लागली होती तिच्या. तीही तिला शोभत होती.

ती गेल्यावर मी भुसा गोळा होणारी पिशवी काढून बघितली. त्या महिन्यात आम्ही अक्रोडाचं लाकूड आणलं होतं. त्याची भुकटी गडद पडते, कॉफीच्या पुडीसारखी. पिशवीत खाली ती होतीच. पण तिच्यावर चार बोटं जाडीचा एक थर होता, फिका, पिठासारखा मऊ. असलं फिकं लाकूड घरात नव्हतं.

मी स्वतःला समजावलं. शेजारपाजारच्या कुणीतरी एखादी फळी आणून दिली असेल, तिने घासून परत केली असेल, आणि मला सांगायची तिला भीती वाटली असेल. मला घाबरते, या विचाराने जरा बरंही वाटलं.

३

त्या आठवड्यात माझा फोन मला ओळखेनासा झाला. अंगठा ठेवला की थरथरायचा आणि पुन्हा ठेवा म्हणायचा. मी अंगठा उजेडात धरून बघितला. रेषा नव्हत्या. दुसऱ्या बोटांवरही जेमतेम होत्या. यात विशेष काही नाही, पॉलिश पेपर हाताळणाऱ्यांच्या बोटांचं असं होतं, वीस वर्षांत दोनचारदा माझंही झालंय. आठ दिवस काम बंद ठेवलं की रेषा परत येतात. मी आठ दिवस बंद ठेवलं. दुपारचं यंत्र चालूच होतं.

रेषा आल्या नाहीत. उलट चष्मा घसरायला लागला. भाजी चिरायला वाकले की नाकावरून सुटून पाटावर. दिवसातून दहादा मी तो वर ढकलायचे. शेवटी दुकानात गेले आणि ह्यांच्यापुढे गिऱ्हाइकासारखी बसले.

ह्यांचं काम नेटकं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कार्ड असतं, त्यावर डोळ्यांच्या नंबरापासून नाकाच्या मापापर्यंत सगळं लिहिलेलं. माझंही आहे. त्यांनी मोजपट्टी माझ्या नाकावर धरली, कार्ड बघितलं, पुन्हा पट्टी धरली.

"अकरा वर्षं हे माप बदललं नाही," ते म्हणाले. "आज दोन मिलिमीटरने कमी भरतंय."

वजन उतरलं असेल, मी म्हटलं. नाकाचं हाड कुठे उतरतं, ते म्हणाले, मग स्वतःच म्हणाले की पट्टी जुनी झाली आहे. चष्म्याचे नाकावर टेकणारे पाय त्यांनी आत वळवून दिले. निघताना माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मला वाटलं काळजी करताहेत. तर म्हणाले, हल्ली छान दिसतेस.

चोवीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. खूश व्हायला हवं होतं. मला मात्र आधी हेच सुचलं, की छान कुणासारखी?

४

माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. मी घरात शिरले की लोक आपले फजितीचे विषय गुंडाळून ठेवतात. मला त्याचा अभिमान होता.

त्या रविवारी दिरांनी जेवताना धाकटीच्या ट्रेचं कौतुक सुरू केलं. कुणीतरी तिचे सहा ट्रे पाहून म्हणालं होतं, म्हणे, की हा हात लाखात एक. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं वाक्य तयार होतं: हात लाखात एक असेल, पण फिरतं यंत्र आहे, त्यापुढे लाकूड धरायला हात कशाला, चिमटा पुरतो. अगदी जिभेच्या टोकाशी आलं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "खरंच चांगलं करते ती."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीर हसले. ह्यांनी टेबलाखालून माझा हात थोपटला. आत माझा जळफळाट होता तसाच होता, वाक्यही शब्द न् शब्द तसंच होतं. फक्त ते बाहेर पडायचं तिथली धार गेली होती. दुसऱ्यांदा प्रयत्न केला. "तिच्याकडे बघून मलाही हुरूप येतो," असं निघालं.

धाकटी खाली मान घालून पानातलं निवडत होती. तिच्या ओठांवर हसू होतं की नव्हतं, हे मी शपथेवर सांगणार नाही.

उठून मी बाथरूममध्ये गेले आणि दिवा लावून आरशात बघितलं. लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते, तेव्हापासून हनुवटीवर एक व्रण आहे. म्हणजे होता. बोटाने चाचपलं. त्या जागेची कातडी माझ्या एखाद्या मुठीच्या भोकाइतकी गुळगुळीत होती. आणि मला कबूल करायला हवं, काम चांगलं होतं. कुठे चरा नाही, कुठे खळगा नाही. मी केलं असतं तर याहून चांगलं झालं नसतं. भीती वाटायच्या आधी मला याच गोष्टीचा राग आला.

५

असं काही बघितलं की माणूस कारणं शोधतो. मीही शोधली. वय झालं, वयाने व्रण विरतात. धूळ श्वासातून जाते, तिने चव जाते, मग बोलणंही बदलत असेल. डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं आणि सगळं उत्तम आहे, रक्तदाब तर आधीपेक्षा सुधारलाय म्हणाले. बहिणीला फोन केला. तिने निम्मं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुझा आवाज किती मवाळ झालाय गं, नाहीतर पूर्वी फोन कानापासून लांब धरावा लागायचा. मी फोन ठेवून दिला.

मग सकाळी, माझ्या वेळात, मी पिशवीतला फिका थर एका बशीत काढला. लाकडाला मी वासावरून ओळखते. चिमूटभर घेऊन तळहातावर चोळली, नाकाशी नेली. लाकडाचा वास नव्हता. नखं कानशीने घासली की येतो, तो वास होता.

बशी मी धुऊन टाकली. दोनदा धुतली. आणि यंत्रावरची नळी काढून बघितली, तर ती वरपासून खालपर्यंत सारखी झिजली होती, एकाही ठिकाणी जास्त नाही. म्हणजे ती कुठेच थांबून राहत नव्हती. थांबून राहिलं की खळगा पडतो, हात चालता ठेवायचा, हे मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी चार वाजता आवाज उतरला. मी टेबलावरून उठले, मागच्या दाराने बाहेर पडले आणि घराच्या कडेने त्या खोलीच्या खिडकीशी गेले. स्वच्छ ऊन होतं. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती, तिने हात केला, मीही केला. खिडकीची काच भुकटीने आंधळी झालेली असते, पण कोपऱ्यात तळव्याएवढी जागा स्वच्छ होती. तिथे मी डोळा लावला.

धाकटी यंत्रापाशी उभी होती. पाठ अर्धी माझ्याकडे. दोन्ही हात पुढे, आणि दोन्ही हातांत मिळून काहीतरी धरलेलं. म्हणजे धरलेलं असावं तसे हात. मध्ये काही नव्हतं. तळवे समोरासमोर, बोटं किंचित वाकवलेली, आणि दोन तळव्यांमध्ये साधारण माणसाच्या चेहऱ्याएवढं अंतर. ते अंतर ती नळीपाशी नेत होती, हलकेच टेकवत होती, वळवत होती. टेकवलं की आवाज उतरत होता.

आणि माझ्या डाव्या गालफडावर, कानापासून हनुवटीकडे, काहीतरी ऊबदार फिरत होतं. दुखत नव्हतं. तेच फार वाईट होतं. कुणी इतक्या काळजीने मला आयुष्यात हात लावला नव्हता.

मग तिने हात मागे घेतले, एका हाताने ते काही नसलेलं पेललं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्यावरून चाचपून पाहिलं. मी शिकवलं होतं तसंच, डोळे मिटून. पसंत पडलं असावं. तिने ओठ गोल करून फुंकर मारली.

माझ्या गालावर वारा आला.

७

मी भिंतीला टेकून खाली बसले. किती वेळ ते माहीत नाही. कपडे वाळत घालणारी बाई आत गेली होती.

तिथे बसल्या बसल्या मला जी गोष्ट आठवली ती आता सांगून टाकते, कारण सांगण्याजोगी धार अजून थोडी शिल्लक आहे. मी धाकटीला हातचं राखून शिकवलं होतं. लाकूड कसं धरायचं, नळीच्या फिरण्याच्या उलट दिशेने कसं सरकवायचं, हात कसा चालता ठेवायचा, सगळं सांगितलं. एक सांगितलं नाही. घासायच्या आधी त्या भागावर पेन्सिलीने रेघोट्या मारून ठेवायच्या असतात. घासता घासता रेघोट्या पुसत जातात. शेवटची पुसली की थांबायचं, केसभरही पुढे जायचं नाही. कुठे थांबायचं हे अंगात यायला दहा वर्षं लागतात, तोवर ते पेन्सिलच सांगते. माझ्या रेघोट्या मी दार लावून मारायचे. तिला काही दाखवलं नाही. तिच्या दोन मुठी घासून घासून इतक्या पातळ झाल्या की हातात मोडल्या, तेव्हा मी अरेरे म्हटलं आणि त्या रात्री शांत झोपले.

म्हणजे धाकटीला थांबायचं कधी हे माहीत नव्हतं. ती चांगलं करत राहणार, आणखी चांगलं, आणखी गुळगुळीत, मी संपेपर्यंत.

एका वाक्याचं काम होतं. पेन्सिल माझ्या एप्रनच्या खिशात होती. मी उठले, वळसा घालून दारातून आत गेले. यंत्र रिकामं फिरत होतं. ती हात झटकत होती, कोपरापर्यंत फिकी भुकटी. मला बघून तिचा चेहरा उजळला, नेहमी उजळतो तसा.

"बरं झालं आलात, ताई. तुम्हालाच विचारणार होते," ती म्हणाली. "कधी थांबायचं, हे तुम्हाला कसं कळतं हो?"

तिने सहज विचारलं. कदाचित ट्रेबद्दल विचारलं. ती काय करते आहे हे तिला ठाऊक होतं की नाही, याचा मी अजूनही विचार करते आणि माझं मत रोज बदलतं. मी तिच्या हातांकडे बघितलं. टपोरी बोटं, प्रत्येकावर सगळ्या रेषा जागच्या जागी. टेबलाच्या कडेला तिने त्या दिवशी केलेला ट्रे होता. मी भोकात बोट घातलं. मला माझं बोट नीटसं जाणवलं नाही, पण गोलाई जाणवली. निर्दोष होती. आता हिला पेन्सिल दिली तर माझ्याकडे काय उरतं? चेहरा उरतो. चेहरा घेऊन मी काय करू? हे सगळे म्हणतील, धाकटी बघा, आता थांबायचं कुठे तेही तिला कळतं.

"हाताला कळतं," मी म्हटलं. "आपोआप."

ती खूश झाली. मान हलवली, पुढे आलेले केस मागे सारले. मी वर आले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, दोन्ही हात समोर ठेवले. खाली आवाज उतरला. डावी बाजू झाली होती, आता उजवी. सावकाश, एका लयीत, वरून खाली. मी डोळे मिटून ऐकत होते. एका जागी मला वाटलं, बस, इथे. मी असते तर इथे हात काढला असता.

आवाज चढला नाही. ती पुढे गेली. चुकली, माझ्या मनात आलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला मनापासून बरं वाटलं.